निर्वासितांची संस्था आपण काढून द्यावी का? (दिल्लीतली चिन वस्ती, जरा सल्ला हवाय)

विकासपुरीतून:
नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितेय पण पूर्ण वाचून मग सांगा. मी मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे पश्चिम दिल्लीत राहते. इथे विकासपुरी, उत्तम नगर, हस्तसाल या पट्ट्यात म्यानमारच्या चिन प्रांतातून आलेली चिन लोकं (चीन देशाची नव्हेत) राहतात, वेगळी कॉलनी वगैरे काही नाही, गल्लीगल्लीत एकेक खोली भाड्याने घेऊन. १९८८ मध्ये तिकडे लष्कराने आंदोलन चिरडलं तेव्हापासून येतायत आणि २०२१ ला लष्कराने परत सत्ता घेतली त्यानंतर अजून आले. बहुतेक सगळे ख्रिश्चन, पण हाखा, फलम, तेदिम, मातू असे गट आहेत, बोल्या वेगळ्या, एका गटाचं दुसऱ्याला सगळं कळतंच असं नाही. पुरुष फॅक्टरीत नाहीतर लग्नाच्या हॉलमध्ये, बायका घरकाम नाहीतर शिवणकाम, तेही मिळेल तेव्हा. रात्री भाजीबाजार उठला की उरलेली भाजी वेचायला जातात ते मी स्वतः बघितलंय.

रविवारी मी तिथल्या मुलांना हिंदी आणि गणित शिकवते. जागा त्यांचीच म्हणजे त्यांनीच भाड्याने घेतलेली, चर्चमधून वर्गणी काढून भाडं भरतात. एक ताई आहेत ज्यांचं हिंदी चांगलं आहे, त्या गरोदर बायकांबरोबर सरकारी हॉस्पिटलात जातात, डॉक्टर काय बोलले ते समजावतात, गोळ्या कुठल्या कधी घ्यायच्या ते वहीत लिहून देतात. त्यांच्यातल्याच पाच-सहा जणांची एक कमिटी आहे, कोणी वारलं तर दफनाचं सगळं ती बघते. नवीन कुटुंब आलं की पहिले काही दिवस कोणाच्या खोलीत झोपायचं हे ठरवण्यापासून ते यूएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) मुलाखतीला कुठले कागद न्यायचे इथपर्यंत सगळं हीच पाच-सहा माणसं करतात. पगार कोणालाच नाही.

आता मुद्दा. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीचा एक ग्रुप आहे, खरंच मनापासून करणारी माणसं, दर महिन्याला पैसे द्यायला तयार आहेत. पण त्यांना रजिस्ट्रेशन पाहिजे, ८०जी म्हणजे देणगीवरची करसवलत पाहिजे, ऑडिट पाहिजे, आणि त्यात चूक काही नाही. त्यांचं म्हणणं असं की आपणच सात जण मिळून सोसायटी रजिस्टर करू, मी सेक्रेटरी, आणि कमिटीची माणसं त्यात काम करतील, त्यांना थोडं मानधनही देऊ. मी हे कमिटीतल्या पास्टर अंकलना सांगितलं, ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले की ठीक आहे पण उद्या तुमचे पैसे बंद झाले तर ही खोली कोणाची? याआधी तिथे जवळच एका मोठ्या एनजीओने सेंटर काढलं होतं, प्रोजेक्ट संपला तसं एका आठवड्यात बंद केलं आणि शिलाई मशिनंसुद्धा उचलून नेली, त्या मशिनवर बायकांचं काम चालू होतं. ते कोणी विसरलेलं नाहीये.

तर विचारायचं हे की अशा वेळी आपण संस्था काढून देणं बरोबर की त्यांचं आहे तसं चालू देऊन वेगळ्या मार्गाने मदत करावी? निर्वासित लोकांनी स्वतःच उभं केलेलं आणि टिकलेलं काही कोणाला माहीत आहे का, आणि ते कशामुळे टिकलं?

हिशोबनीस:
मी सीए आहे, ट्रस्ट-सोसायट्यांचंच काम करतो, त्यामुळे आधी कागदाचं बोलतो.

सोसायटी १८६० च्या कायद्याखाली होते, सात सभासद लागतात हे बरोबर, ऑल इंडिया पातळीवर करायची तर वेगवेगळ्या राज्यांतले आठ. पण खरी अडचण पुढे आहे. चिन लोकांच्या हातात यूएनचं कार्ड असतं, भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे ते कार्ड बँकेच्या केवायसीत चालेल याची खात्री नाही. पॅन-आधार नसलेला माणूस पदाधिकारी म्हणून घेतलात तर खातं उघडतानाच अडकाल. म्हणून लोक काय करतात तर सातही भारतीय घेतात आणि निर्वासितांना 'सल्लागार' करतात, आणि मग कागदावर संस्था कोणाची झाली ते सांगायला नको. तुमच्या पास्टर अंकलनी बरोबर तिथेच बोट ठेवलंय.

दुसरं, परदेशातून पैसे येणार असतील तर एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) लागतं, ते नव्या संस्थेला मिळायला काही वर्षांचं काम दाखवावं लागतं. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचे पैसे एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद झालंय, आधी मोठ्या संस्था छोट्या गटांना त्यातून वाटा द्यायच्या तो रस्ता गेला. गावपातळीवरच्या छोट्या संस्थांचे यात किती हाल झालेत ते मी रोज बघतो.

माझा सल्ला, नवी संस्था काढूच नका. पुण्याच्या ग्रुपमधल्या कोणाचा आधीचा रजिस्टर्ड ट्रस्ट आहे का बघा ज्याला १२ए (ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नावरची करसवलत) आणि ८०जी आहे. देशातल्या देशात पैसे गोळा करायचे, आणि कमिटीला रोख न देता त्यांनी सांगितलेली बिलं थेट भरायची, म्हणजे घरमालकाचं भाडं, वह्या-पुस्तकांचं दुकान, रिक्षाभाड्याची व्हाउचर. ऑडिटला पावत्या मिळतात, आणि काय घ्यायचं ते कमिटीच ठरवते. फक्त ट्रस्ट डीडमध्ये कार्यक्षेत्र काय लिहिलंय ते आधी वाचा, बऱ्याच जुन्या ट्रस्टमध्ये 'महाराष्ट्र राज्य' एवढंच असतं, मग दिल्लीत केलेल्या खर्चावर प्रश्न येतो.

कॅम्प४वाला:
ताई तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी उल्हासनगरचा, सिंधी, मराठी शाळेतल्या मित्रांमुळे मराठी घरच्यासारखी. माझे आजोबा शिकारपूरचे. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली त्यानंतर तिकडे राहण्यात अर्थ नाही असं ठरवून बोटीने मुंबईला आले, आणि बोटीवरून थेट कल्याणच्या लष्करी छावणीत. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी होत्या, पाच कॅम्प, आजही आम्ही पत्ता सांगताना कॅम्प नंबरच सांगतो. एका बराकीत अनेक कुटुंबं आणि मधे गोणपाट लावून केलेल्या भिंती. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं.

सरकारने रेशन दिलं, बराक दिली, ते नाकारून चालणार नाही. पण बाकीचं उभं केलं ते पंचायतींनी. पंचायत म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, सिंधमध्ये ज्या गावचे त्या गावाची पंचायत, म्हणजे शिकारपूरवाल्यांची वेगळी, लाडकाण्याच्या लोकांची वेगळी. तिकडे सगळं सोडून आले पण कोण कोणाचा कोण आणि कोणावर विश्वास ठेवायचा हे माहीत होतं, त्याच्यावरच इथे काम सुरू झालं. विधवा बाईला महिन्याचं धान्य, मुलीच्या लग्नाला भांडी, मयताचं सामान, दोन भावांचं भांडण, सगळं पंचायतीत. आजोबा लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायचे, त्यातनं वर्गणी द्यायचे. आजी म्हणायची पोटाला कमी पडलं तरी पंचायतीचे पैसे बाजूला काढलेले असायचे, कारण उद्या आपल्यावर वेळ आली तर मागायला तोंड पाहिजे.

आणि शाळा-कॉलेजं तर बघा. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातले प्राध्यापक मुंबईत आले, आणि १९४८ मध्येच जय हिंद कॉलेज सुरू केलं. हैदराबाद सिंधमध्ये १९२२ ला निघालेलं नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्याला परत उभं राहिलं, प्रिन्सिपल कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी बोर्ड स्थापन केलं, त्याच बोर्डाचं १९५४ मध्ये के. सी. कॉलेज झालं. साधू वासवानींनी हैदराबादला १९३३ मध्ये सुरू केलेलं मीरा शाळेचं काम पुण्यात आणलं. मुंबई-पुण्यातली किती मराठी मुलं या कॉलेजांत शिकली असतील, आणि ही निर्वासितांनी काढलेली आहेत हे किती जणांना माहीत असेल. घर गेलं, जमीन गेली, पण शिकवायचं कसं आणि संस्था चालवायची कशी हे त्या माणसांबरोबर आलं होतं. तुमच्या त्या हॉस्पिटलवाल्या ताईंकडे पण तेच आहे बघा, ते कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो कारण आमच्यातले काही लोक इतरांना फार सहज म्हणतात की आम्ही नाही का उभे राहिलो, तुम्ही पण राहा. तसं नसतं. आम्ही आल्या दिवसापासून या देशाचे होतो. मत देता आलं, दुकानाचं लायसन मिळालं, १९५४ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने तिकडच्या मालमत्तेच्या बदल्यात इथे काहीतरी मिळालं, बराक नावावर झाली. चिन माणसाकडे यातलं काहीच नाही. त्यांची कमिटी आमच्या पंचायतीएवढीच भक्कम असली तरी तिच्या पायाखालची जमीन तिची नाही, तिथे तुमच्यासारख्यांची गरज आहे.

विकासपुरीतून:
@कॅम्प४वाला दादा, खूप मनापासून लिहिलंत, हे सगळं उद्या त्यांना सांगणार आहे. वर्गणीचं तुम्ही जे म्हणालात अगदी तसंच आहे इथे, ज्या घरात दोन वेळचा भात होतो की नाही शंका आहे ते पण चर्चच्या पेटीत टाकतात.

@हिशोबनीस, बिलं थेट भरण्याचं मला पटतंय. पण भाडेकरार कोणाच्या नावावर करायचा? आत्ता तो कमिटीतल्या एकाच्या नावावर आहे आणि घरमालक दर वेळी कुरकुर करतो, ट्रस्टच्या नावावर केला तर तो खूश होईल पण मग परत तोच प्रश्न.

करवीरकाठ:
आमच्या कोल्हापुरात दोन वेगळे निर्वासित येऊन राहिलेत एकाच जागेवर. गांधीनगर म्हणून कापडाचा जो होलसेल बाजार आहे तिथे सगळे सिंधी, हे सगळ्यांना म्हाईत. पण त्याच्या आधी १९४३ ते ४८ तिथेच वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. स्टॅलिनने सैबेरियाकडे हाकललेली, तिथनं इराणमार्गे इथवर आलेली. जामनगरजवळ बालाचडीला तिथल्या संस्थानिकांनी, जामसाहेबांनी, पोलिश मुलांना ठेवून घेतलं ते लोकांना माहीत असतं, वळिवडं त्यापेक्षा कितीतरी मोठं होतं पण कमी माहीत आहे.

त्या लोकांनी पाच वर्षांत तिथे काय काय चालवलं होतं, पोलिश भाषेतल्या शाळा, चर्च, हॉस्पिटल, स्काउट, नाटकं. शिक्षक त्यांच्यातलेच. पैसा सुरुवातीला लंडनमधल्या त्यांच्या परागंदा सरकारचा आणि व्यवस्थेवर इंग्रज सरकारची देखरेख, पण शाळेत काय शिकवायचं ते त्यांचं ते बघायचे. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते असं की १९४८ ला कॅम्प बंद झाला, माणसं इंग्लंड, पोलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका जिकडे वाट मिळेल तिकडे गेली, तरी लंडनमध्ये 'भारतातले पोल' म्हणून मंडळ काढलं, जुने पत्ते गोळा केले, आठवणींचं जाडजूड पुस्तक छापलं, आणि म्हातारपणी कोल्हापूरला येत राहिले. २०१९ मध्ये मोठा कार्यक्रम झाला तेव्हा ऐंशी-नव्वदीतली माणसं आली होती, वळिवड्याच्या गल्ल्या शोधत फिरत होती. कॅम्प पाच वर्षांचा आणि एकमेकांशी नातं सत्तर वर्षं टिकलं.

तेव्हा ताई त्या मुलांची नावं, शिक्षकांची नावं, कोण कधी आलं कोण कुठल्या देशात गेलं याची एक वही कमिटीलाच ठेवायला सांगा. त्यांच्याकडेच राहू द्या ती. उद्या तेच उपयोगाला येतंय.

झाडीपट्टी:
आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग नाव आहे तिचं, १९७२ ची. विदर्भातल्याच कितीतरी लोकांना माहीत नाही. सरकारने जंगलातली जमीन दिली, धान लावतात, पण धानावर काय भागते का, तं थंडीत स्वेटर विकायला बाहेर पडतात. नागपूरला दरवर्षी जे तिबेटी मार्केट लागते तुम्ही पाहिलं असन.

त्या स्वेटरच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. माल येतो लुधियान्याहून, आणि उधारीवर. तारण काही नाही, जमीन तं लीजवरची. तरी व्यापारी माल देतो, कारण त्याले माहीत आहे की तिबेटी विक्रेत्यांची संघटना मधात आहे आणि एकाने बुडवलं तं पुढच्या वर्षी बाकीच्यांचा माल अडते, म्हणून ते आपसात बुडवू देत नाहीत. बँक जे करू शकली नसती ते संघटनेच्या शब्दावर होते. वसाहतीत सहकारी सोसायटी पण आहे, भारतातल्या बहुतेक तिबेटी वसाहतींत आहे.

तुमच्या चिन लोकांमधात शिवणकाम करणाऱ्या बाया आहेत म्हणता ना, तं दान कमी आणि असं काहीतरी जास्त बघा. माल कोणी उधारीवर देते का, कमिटी हमी घेते का. शिलाई मशीन जी काही घ्याल ती बायांच्या नावावर घ्या, संस्थेच्या नावावर नको, मंग कोणी उचलून नेणार नाही.

यारानदीकाठ:
मी मेलबर्नला असते, इथे काही वर्षं एका गटाबरोबर इंडोनेशियातल्या निर्वासितांच्या शाळांसाठी पुस्तकं आणि ऑनलाइन तास असं काम केलंय, तिथली गोष्ट तुझ्या प्रश्नाला अगदी जवळची आहे म्हणून सविस्तर सांगते.

जकार्तापासून बोगोरच्या पुढे डोंगरात चिसारुआ म्हणून गाव आहे. अफगाणिस्तान-पाकिस्तानातून जीव वाचवून निघालेली हजारा (तिकडचा एक अल्पसंख्य समाज) कुटुंबं तिथे अडकलेली, जायचं होतं ऑस्ट्रेलियाला. इंडोनेशियानेही आपल्यासारखीच १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, काम करायला परवानगी नाही, मुलांना शाळेत प्रवेश मिळणं फार अवघड. त्यात ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर केलं की १ जुलै २०१४ पासून पुढे तिथे यूएनएचसीआरकडे नोंदणी झालेल्यांना आम्ही घेणार नाही. म्हणजे वर्षानुवर्षं नुसतं बसून राहायचं. तर या घोषणेच्या थोडं आधीच, ऑगस्ट २०१४ मध्ये, मुझफ्फर अली, खादिम दाई आणि अजून काही जणांनी मिळून एक घर भाड्याने घेतलं आणि शाळा सुरू केली. शिक्षक सगळे निर्वासितच, त्यातल्या कितीतरी तरुण मुली ज्यांनी आधी कधी शिकवलेलं नव्हतं. सुरुवातीला लोक घाबरले होते की पोलीस येतील, एकत्र जमलो म्हणून सगळ्यांनाच पकडतील, म्हणून त्यांनी आधी जाऊन आजूबाजूच्या गावकऱ्यांशी आणि तिथल्या अधिकाऱ्यांशी बोलून ठेवलं. मग मुलींचं फुटबॉल, मोठ्या बायकांचे इंग्लिशचे वर्ग असं वाढत गेलं, आणि ते बघून त्या भागात इतर निर्वासितांनी आपापल्या शाळा काढल्या. कुठल्याही मोठ्या एजन्सीने ठरवून केलं असतं तर एवढ्या पटकन आणि एवढ्या कमी पैशात झालं नसतं, हे मी ठामपणे म्हणेन.

पैशाचं त्यांनी असं केलं की ऑस्ट्रेलियात मदत करणाऱ्या लोकांनी एक वेगळी चॅरिटी रजिस्टर केली, तिचं काम निधी गोळा करणं. शाळेचं वेळापत्रक, शिक्षक कोण, कुठल्या मुलाला घ्यायचं हे तिथली माणसं ठरवतात. म्हणजे तुमचा पुण्याचा ग्रुप हा ग्रुपच राहील, त्यांची कमिटी कमिटीच राहील, आणि दोघांत एक लेखी समज असेल.

एका गोष्टीची आत्तापासून तयारी ठेव. तिथे सगळ्यात मोठी अडचण पैशाची नव्हती तर माणसं जाण्याची होती. मुझफ्फर अलींना स्वतःलाच ऑस्ट्रेलियात आसरा मिळाला, चांगली शिक्षिका तयार झाली की तिचा अमेरिकेचा नाहीतर कॅनडाचा नंबर लागतो, आणि त्याचा सगळ्यांना आनंदच होतो पण वर्ग रिकामा पडतो. म्हणून प्रत्येक वर्गात मुख्य शिक्षिकेबरोबर शिकाऊ एक असतेच. तुमच्या त्या हॉस्पिटलवाल्या ताईंबरोबर आजपासून अजून दोघींना पाठव, प्रत्येक बोलीतली एक.

मला थोडे पैसे पाठवायचे आहेत, पुण्याच्या ट्रस्टच्या खात्यात टाकले तर चालतील का?

हिशोबनीस:
@यारानदीकाठ, तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेलं चालतं, एनआरआयची देणगी परदेशी धरत नाहीत. पण ऑस्ट्रेलियन नागरिकत्व घेतलेलं असेल, जरी ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि एफसीआरए नसलेल्या ट्रस्टने ती घेतली तर ट्रस्ट अडचणीत येतो. कृपया चांगल्या भावनेने सुद्धा टाकू नका, आणि कमिटीतल्या कोणाच्या खात्यावर तर अजिबात नको, आधीच परकी नागरिक म्हणून नजरेत असलेल्या माणसाच्या खात्यात परदेशातून पैसे दिसले तर त्याला कोण वाचवणार.

@विकासपुरीतून, भाडेकराराचं. करार ट्रस्टच्या नावावर केला तर ट्रस्टने कमिटीला एक पत्र लिहून द्यावं, की जागा मुलांच्या वर्गासाठी आणि कमिटीच्या कामासाठी आहे, ट्रस्टला थांबायचं असेल तर सहा महिने आधी सांगायचं, आणि आतलं सामान कमिटीचं. डिपॉझिट शक्य असेल तर कमिटीच्या वर्गणीतूनच भरलेलं बरं, आणि त्याची पावती त्यांच्याकडे. कोर्टात हे पत्र किती चालेल तो पुढचा भाग, पण दोन्हीकडच्या माणसांना काय ठरलं होतं ते कागदावर दिसतं. घरमालक तयार असेल तर आहे तोच करार ठेवून ट्रस्टने फक्त भाडं भरणं हे मला अजून चांगलं वाटतं.

वस्तीकाम:
सगळे एका बाजूने बोलतायत म्हणून मी दुसरी बाजू मांडते. मी मुंबईत वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम करते, आणि 'त्यांचं त्यांना ठरवू द्या' म्हणताना ते म्हणजे कोण हे विचारायला पाहिजे. पाच-सहा जणांच्या कमिटीत बायका किती आहेत? हॉस्पिटलात धावपळ करणाऱ्या ताई निर्णयाला बसतात की फक्त कामाला? मोठ्या गटाची बोली बोलणारेच सगळे असतील तर मातूसारख्या लहान गटाच्या घरात काय कमी आहे ते कमिटीत कोण सांगणार? आणि जे चर्चला जात नाहीत किंवा ज्यांचं पास्टरशी पटत नाही त्यांचं काय? एकटी बाई, नवऱ्याने सोडलेली, तिला मदत मागायला याच माणसांकडे जावं लागत असेल तर ती जाईल का? दादांनी सांगितलेल्या सिंधी पंचायतींबद्दल मला आदर आहे पण तिथेही बसायचे ते पुरुषच ना.

माझं म्हणणं बाहेरच्यांनी ताबा घ्यावा असं मुळीच नाही. पण पैसे येणार म्हटल्यावर आत्तापर्यंत नसलेली भांडणं सुरू होतात, हे मी अनेक चांगल्या गटांमध्ये बघितलंय. तेव्हा पैसा यायच्या आधीच दोन गोष्टी त्यांच्याकडूनच ठरवून घे. हिशोब महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, प्रत्येक बोलीत. आणि बायकांसाठी लागणाऱ्या खर्चाचा निर्णय बायकांनीच घ्यायचा, त्याची वेगळी वही. बचत गटात आम्ही पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवतो, तसलं काहीतरी साधं. आणि देणगीदारांना मुलांचे फोटो पाठवू नकोस, कितीही मागितले तरी. मागे राहिलेले नातेवाईक तिकडे लष्कराच्या हातात सापडू शकतात.

कॅम्प४वाला:
@वस्तीकाम ताई बरोबर आहे तुमचं, आजी वर्गणी द्यायची पण पंचायतीत बसायची नाही. बायकांचं बसणं साधू वासवानींच्या सत्संगात आणि शाळेत आलं, तिथून पुढे आमच्या बायका शिकल्या, कॉलेजात शिकवायला लागल्या. चिन बायकांना ते पहिल्यापासून मिळालं तर चांगलंच आहे.

विकासपुरीतून:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज वर्ग संपल्यावर कमिटीबरोबर बसले होते, पास्टर अंकल, ताई, आणि अजून दोन गटांची माणसं आली होती. उल्हासनगरचं आणि चिसारुआचं सांगितलं, चिसारुआचं ऐकताना ताईंनी तीनदा थांबवून विचारलं की शिक्षिका मुली किती शिकलेल्या होत्या.

त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला नीट माहीत नव्हती. २०१८ मध्ये यूएनएचसीआरने ठरवलं होतं की चिन लोकांना आता संरक्षणाची गरज उरली नाही, हळूहळू सगळ्यांचा निर्वासित दर्जा संपवायचा. तेव्हा मलेशियातल्या आणि इथल्या चिन संघटनांनी गावागावातली परिस्थिती कळवत राहून त्याला विरोध केला, आणि मार्च २०१९ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. दोन वर्षांच्या आत तिकडे लष्कर परत आलं. अंकल म्हणाले की तेव्हा आमची कमिटी कोणा दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये असती तर आम्हाला यूएनच्या विरोधात बोलू दिलं असतं का? हे ऐकून माझ्या मनातला सोसायटी काढायचा विषय संपला.

तर ठरलंय ते असं. सोसायटी नाही. मैत्रिणीच्या ओळखीतला एक ट्रस्ट आहे, त्याचं डीड मागवलंय, कार्यक्षेत्र बघणार. भाडेकरार आहे तसाच, ट्रस्ट भाडं आणि वह्यांचं बिल भरणार, हॉस्पिटलच्या जाण्यायेण्याचा खर्च बायकांच्या वहीतून, ती वही ताईंकडे आणि पैसे मातू गटातल्या एका काकूंकडे. हे त्यांनीच सुचवलं, मी बचत गटाचं नुसतं सांगितलं होतं. पुण्याच्या ग्रुपला ८०जीच्या पावत्या मिळतील, फोटो मिळणार नाहीत हे मी त्यांना स्पष्ट लिहिलंय, दोघांनी नाराजी कळवली आहे, बाकीचे तयार आहेत. शिलाई मशीनचं झाडीपट्टी दादा म्हणाले तसं बायकांच्या नावावर घ्यायचं, पण बिलावर नाव टाकायला ट्रस्टला चालतं का, हिशोबनीस जरा सांगाल का?

आणि अजून एक, मिझोरममध्ये २०२१ पासून चिन लोकांचे बरेच कॅम्प आहेत, तिथे यंग मिझो असोसिएशन आणि गावातली चर्च मिळून बघतात असं इथले लोक सांगतात, चम्फाईकडे निर्वासित शिक्षकांनी चालवलेल्या शाळा पण आहेत म्हणे. तिकडे कोणी मराठी माणूस नोकरीला किंवा कामाला असेल तर मला मेसेज करा, ताईंना तिथल्या शिक्षकांशी फोनवर बोलायचं आहे, पहिली ते चौथीची पुस्तकं चिन बोल्यांमध्ये त्यांच्याकडे असतील तर मागवायची आहेत.

हिशोबनीस:
मशीन वस्तूरूप मदत म्हणून दाखवता येतं. बिल ट्रस्टच्या नावावर, आणि त्या बाईला दिल्याची पोच पावती तिच्या सहीने नाहीतर अंगठ्याने, मशीनचा नंबर त्यावर लिहून. एक प्रत तिच्याकडे द्या. ट्रस्टच्या मालमत्तेच्या यादीत ते मशीन येत नाही, म्हणजे परत नेण्याचा प्रश्नच नाही. नमुना मेसेजमध्ये पाठवतो.